उंबऱ्याबाहेरून पाहिलेली मालिका

“हीच ती. कार्टून वाचून दाखवायची ती,” माझ्या मागे कुणीतरी हळूच म्हणालं. उरणजवळच्या कोळीवाड्यातल्या एका घराच्या दारात मी आणि आई चपला काढत होतो. हौसामावशींचं दिवसकार्य होऊन आठवडा झाला होता. पनवेलच्या आमच्या इमारतीत त्या मी शाळेत होते तेव्हापासून मासे घेऊन यायच्या. सलग तीन बुधवार आल्या नाहीत, तेव्हा आईने दुसऱ्या एका मासेवालीला विचारलं. तिने डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि म्हणाली, “ती गेली ना. झोपेतच.” आम्ही भेटायला निघालो तेव्हा वाटलं होतं, तिथे आपल्याला कोण ओळखणार? त्याचा थोडा आधारही होता. पण माझ्याआधी माझी ओळखच तिथे जाऊन बसली होती.

आमचं घर मावशींच्या वाटेवरचं शेवटचं. परतीचा टेम्पो दोनला यायचा, म्हणून त्या दाराबाहेर, चपलांच्या रॅकशेजारी, प्लास्टिकच्या स्टुलावर बसून राहायच्या. आत या म्हटलं की, “नको गो, माशांचा वास राहील घरात.” मी घरूनच नोकरी करते. दुपारी जेवताना लॅपटॉपवर एक जपानी कार्टून मालिका लावायचे. काही महिन्यांपूर्वी एका बुधवारी मावशींनी मान लांब करून विचारलं, “ती पोरगी एकटी होडीतून कुठं चालली?” मी लॅपटॉप दाराकडे वळवला. तेव्हापासून तो बुधवारी आणि शुक्रवारी तसाच वळत राहिला.

मालिकेतल्या त्या मुलीचं काम एवढंच, की बेटाबेटांवर जाऊन विझलेले दिवे लावायचे. सोबत एक म्हातारा बगळा, जो बोलतो, पण क्वचित. लढाया वगैरे केव्हाच होऊन गेलेल्या. एका भागात ती नुसते ओले मोजे वाळवते आणि बगळा पाऊस कधी थांबेल ते बघत बसतो. मला ही मालिका आवडायची, कारण तिच्यात कुणी कुणाला ‘बोल ना काहीतरी’ म्हणत नाही. आई एकदा पाच मिनिटं उभी राहून म्हणाली, “अगं, यात काही घडतच नाही!” बाहेरून मावशी म्हणाल्या, “भांगाचं पानी हाय ते, वैनी. रोज उधान आलं तर मानसानं जगायचं कसं?” भांग म्हणजे पाणी फारसं चढत-उतरत नाही ते दिवस, हे मला त्या दिवशी कळलं. मालिकेचं इतकं नेमकं वर्णन मी इंटरनेटवरही वाचलं नव्हतं.

मावशींना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून पडद्यावर खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी मी मराठीत सांगायचे. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. मराठी घरात बोलते, पण थोडं, आणि अवघड शब्द सगळे पाठ्यपुस्तकातले. “तिने दीप प्रज्वलित केला,” मी सांगितलं, तर मावशी म्हणाल्या, “काय गो, सत्काराला बोलावलंय का तिला? दिवा लावला म्हन!” मी हसले. हळूहळू दिवा लावायला शिकले. आवाजही मोठा करावा लागायचा, कारण त्या उंबऱ्याबाहेर होत्या.

मग नववा भाग आला. एका बेटावर एक म्हातारी रोज दोघांचा स्वयंपाक करते. नवरा समुद्रावर गेलेला. मुलगी दिवा लावते, रात्र सरते, उजाडतं, समुद्र रिकामाच. मला एकदम आठवलं, बोंबील साफ करताना मावशी एकदा सहज म्हणाल्या होत्या, “माझा मानूस गेला तो आलाच नाय.” पडद्यावर म्हातारी बोलली. इंग्रजीत लिहिलं होतं, तो येणार नाही. पुढेही काही होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, “ती म्हणते, येईल तो आता.” पडद्यावर म्हातारी दुसरं ताट उपडं करून फळीवर ठेवत होती. मावशींनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बरं,” म्हणाल्या आणि पाटी उचलली. टेम्पोला अजून वेळ होता...

पुढचे भाग आम्ही पाहिले, हसलोही. पण त्यांनी विश्वासाने माझ्या डोळ्यांनी वाचलं आणि मी तिथेच खोटं वाचलं, हे टोचत राहिलं. सांगू, सांगू म्हणत होते. मग त्या यायच्याच थांबल्या.

कोळीवाड्यात मावशींच्या सुनेने, रंजनाताईंनी, चहा दिला. म्हणाल्या, “तुझी सगळी गोष्ट आमाला पाठ हाय. आई घरी येऊन सांगायची. त्या म्हातारीचा मानूस आला नाय, पन माझ्यासाठी पोरीनं आणला, असं बोलून हसायची.”

मी कप खाली ठेवला. “चिडल्या नव्हत्या?”

“चिडंल कशाला? बोलली, इंग्लिश शाळेतली पोरगी, खोटं पन किती वाईट बोलते!” बायका हसल्या. मीही. मग रंजनाताई म्हणाल्या, “म्हातारी खरं काय बोलली, तेवढं तुला इचारायचं राहिलं तिचं. काय बोलली गो?”

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये असं झालं की मी चॅटमध्ये टाइप करून मोकळी होते. मी नजर दाराकडे वळवली. उंबऱ्याबाहेर एक लाकडी पाट होता, मध्ये झिजलेला. “तिथंच बसायची आई,” रंजनाताई म्हणाल्या. “घरात बसली की खाडी दिसत नाय, बोलायची.” म्हणजे आमच्याकडेही माशांचा वास हे निम्मंच कारण असणार. आमच्या दारातून खाडी नाही, एक मुलगी होडीतून जाताना दिसायची.

मी उठून त्या पाटावर बसले. समोर पाणी संथ होतं, होड्या जागच्या जागी. आत बसलेल्यांना ऐकू जावं म्हणून आवाज थोडा मोठा केला आणि म्हणाले, “ती म्हणाली, तो येणार नाही, मला केव्हाचं ठाऊक आहे. पण दिवा राहू दे... दुसऱ्या कुणाला तरी घरी यायचं असेल.”