खाऱ्या टाकीत गोडं पाणी

पुण्याशेजारच्या मांजरी गावातल्या आमच्या फ्लॅटमध्ये समुद्र आणायचं माझ्या डोक्यात कसं आलं, असं बायको अजूनही विचारते. खरं कारण साधं आहे. सातवी-आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पृष्ठवंशीय आणि अपृष्ठवंशीय प्राण्यांचा तक्ता होता. आमच्या तालुक्याच्या शाळेत गुरुजींनी तो पाठ करून घेतला. समुद्रफूल, तारामासा, शंखातला खेकडा. शंभर-सव्वाशे मैलांत समुद्र नव्हता, तरी मला ही नावं झोपेतून उठवलं तरी सांगता यायची. पुढे शिकलो, घरातला पहिला पदवीधर झालो, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी लागली. एका ग्राहक कंपनीच्या स्वागतकक्षात भिंतभर काचेची टाकी होती. तिच्यात तो सगळा तक्ता हलत होता. मीटिंगला जायचं सोडून मी तिथेच उभा राहिलो.

कॅम्पातल्या ज्या दुकानातून टाकी घेतली, तिथल्या काकांनी आधीच बजावलं होतं, "साहेब, मासे कुणीही सांभाळतं. हे बिनकण्याचे जीव नवीन टाकीत टिकत नाहीत. थांबा."

"किती थांबू?"

"समुद्र तयार व्हायला किती वर्षं लागली? तुम्हाला शनिवारपर्यंत पाहिजे."

मी थांबलो. मीठ कालवलं, वाळू घातली, सच्छिद्र दगड रचले. पाण्याची तपासणी रोज करत राहिलो. सगळं जुळल्यावर नारिंगी पट्ट्यांचे दोन मासे आणले. मग काही गोगलगायी, शंखातले दोन खेकडे आणि शेवटी लाल अंगाची, पाठीवर पांढरी रेघ असलेली एक कोळंबी.

त्याच सुमारास आई कायमची आमच्याकडे राहायला आली. वडील गेल्यावर गावी एकटी राहणं तिला जमेना. पुण्यात मात्र तिला करायला काहीच नव्हतं. आम्ही दोघं सकाळी कंपनीच्या बसने जायचो ते अंधार पडल्यावर यायचो. शेजारचं दार दिवसभर बंद. स्वयंपाकाला बाई होती, धुण्याला मशीन. पहिले काही दिवस आई नुसती गॅलरीत बसून उसाचे ट्रॅक्टर बघायची. जेवायला वाढलं की विचारायची, "मी काय केलं म्हनून जेवू?"

मग तिला टाकी सापडली.

कोळंबी दगडाच्या कपारीत बसायची. मासा जवळ आला की पुढे होऊन त्याचं अंग, गाल, कल्ले कोरून साफ करायची, आणि मासा तोंड वासून गप्प उभा. आईने पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसली. आल्यापासून पहिल्यांदाच.

"अगं बया, न्हावीच हाय की ह्यो! बघ, कसा मान वर करून बसलाय गिऱ्हाईक."

त्या दिवसापासून कोळंबी न्हावी झाली. मी ऑफिसातून आलो की चहाच्या आधी बातम्या मिळायच्या. आज न्हाव्यानं दुकान उघडलंच न्हाई. आज धाकल्या माशाची दाढी झाली. बायको म्हणायची, "आपल्यापेक्षा आईंचं ऑफिस चांगलं चाललंय."

मी आईला कामही दिलं. टाकीतलं पाणी उन्हाळ्यात भराभर उडतं. मीठ मागे राहतं, त्यामुळे उडेल तेवढं साधं गोडं पाणी रोज घालावं लागतं. काचेवर चिकटपट्टीची खूण केली आणि सांगितलं, "आई, इथपर्यंत ठेवायचं. नळाचं नको. घरातलं सगळ्यात शुद्ध पाणी घालायचं. हे फार नाजूक जीव आहेत." स्वयंपाकघरातल्या फिल्टर मशीनकडे बोटही दाखवलं. तिने मान हलवली. घरात आपल्यावाचून अडणारं एक काम आहे, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला बरं वाटलं.

काही आठवडे छान गेले. मग गोगलगायी काचेवरून गळून पडू लागल्या. उलट्या पडायच्या, आणि सरळ केल्या तरी पुन्हा पडायच्या. एक खेकडा शंख सोडून उघडाच बाहेर येऊन मेला. पाण्याची तपासणी करावी तर सगळं ठीक. मासे मजेत. काकांना फोन केला.

"नवीन टाकी आहे. मरणारच. थांबा."

पुन्हा थांबलो. थांबायचं म्हणजे काय, तर मरताना बघायचं. कोडमध्ये चूक असली की ओळ न् ओळ तपासून ती सापडते, त्याचाच मला पगार मिळत होता. इथे सगळे आकडे बरोबर होते आणि सकाळी उठून एकेक जीव बाहेर काढत होतो. दुसरा खेकडाही गेला. न्हावी खाईना, कपारीबाहेर येईना. आई काचेपाशी बसून राहायची.

"कायतरी कर की रे. एवढा शिकलास."

ती टोमणा मारत नव्हती. शिकलेल्या माणसाला सगळं येतं, यावर तिचा खरंच विश्वास होता. त्याच विश्वासावर तिने मला शिकवलं होतं.

इंटरनेटवर अशा टाक्या पाळणाऱ्यांचा एक कट्टा होता. जेवणाच्या सुट्टीत तिथे माझी अडचण लिहिली. कुठल्यातरी देशातल्या माणसाने एका ओळीत उत्तर दिलं: मासे ठणठणीत आणि बिनकण्याचे मरत असतील, तर पाण्यात तांबं येतंय का पाहा. मी पंप पाहिला, हीटर पाहिला, वायरी पाहिल्या. कुठेच तांबं नव्हतं. माझ्या रोजच्या तपासणीत तांबं मोजलं जातच नव्हतं.

रविवारी सकाळी घरी होतो. आई अंघोळ करून आली. हातात गडू होता. चिंचेने घासलेला, लखलखीत. तिने टाकीचं झाकण सरकवलं आणि अगदी हळू, वाळू उडू नये अशी बारीक धार धरली.

"आई, हे पाणी कुठलं?"

"कळशीतलं. सकाळचं पयलं. आपन प्यायच्या आधी ह्यांचं काढते."

"मशीनचं नाही घालत?"

"मशीनचंच घेते की. पन त्ये नुसतं घालायला जीव हुईना. चव न्हाई, ढव न्हाई, मेलेलं पानी. रातभर तांब्याच्या कळशीत ठिवते, मग घालते. तूच म्हनलास ना, शुद्धातलं शुद्ध."

आमच्याकडे तांब्याच्या कळशीतलं पाणी पाहुण्याला देतात, आजाऱ्याला देतात. गावाहून येताना तिने बाकीची भांडी वाटून टाकली होती. ती कळशी मात्र एसटीत मांडीवर घेऊन आली होती.

मी तिथूनच काकांना फोन लावला आणि कळशीचं सांगितलं.

"तांबं? मग पाणी बदलून भागणार नाही. वाळूत बसलं, दगडात बसलं. सुटत राहील. कोळंबी जिवंत आहे ना? लगेच इकडे घेऊन या."

पिशवीत पाणी भरून न्हाव्याला घेतलं. आई म्हणाली, "मी धरते." रिक्षात तिने पिशवी मांडीवर घेतली, उन्हाकडून पदर आडवा धरला. हडपसरला गाड्या खोळंबल्या होत्या. न्हावी कुशीवर पडला होता, मिशा तेवढ्या हलत होत्या.

"माझ्या पान्यानं झालं व्हय?"

फोनवरचं माझं बोलणं तिने ऐकलं होतं. नाही म्हणावं असं वाटलं. पण मग उद्या सकाळी पुन्हा ती गडू घेऊन उभी राहिली असती.

"हो आई. तांबं ह्यांना सोसत नाही."

"पन आपन पितो की."

"आपल्याला चालतं. ह्यांना नाही."

तिने पिशवी जरा अंगाजवळ घेतली.

काकांनी एका पेटीत न्हाव्याला सोडलं आणि बारीक नळीने थेंब थेंब नवं पाणी चालू केलं. तो एकदा पायांवर उभा राहिला. त्याची पाठीवरची कात फाटली होती, पण ती त्याला टाकता येत नव्हती. अर्धा आत, अर्धा बाहेर.

"जगंल का वो?" आईने विचारलं.

"मावशी, नवीन टाकीत असं होतंच."

"नवीन न्हाई. मी तांब्याचं घातलं."

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. एरवी टोमण्याशिवाय न बोलणाऱ्या काकांनी फक्त स्टूल पुढे सरकवलं. आई बसली. आम्हा तिघांना करण्यासारखं काही नव्हतं. थेंब पडत होते. मिशा थांबल्या तेव्हा आईलाच आधी कळलं. ती उठली आणि म्हणाली, "चल."

घरी मासे तसेच फिरत होते. साफ करायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना आईने रोजच्यासारखा कळशीतल्या पाण्याचा पेला आणून ठेवला. पण हात काढून घेतला नाही.

"तुला चालतं ना रं ह्ये?"

"चालतं, आई. लहानपणापासून पितोय."

मी पेला तिच्यादेखत रिकामा केला. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला पटावं म्हणून मी आणखी एक पेला मागितला.

ती आत गेली आणि मशीनचं घेऊन आली.