वहिनीचं मेक्सिको

आमची वहिनी घरात येणाऱ्या माणसाचे हात हुंगायची. हात धुऊन या, असं सगळ्याच घरांत सांगतात. वहिनी मात्र धुतलेला तळवा नाकाशी धरायची आणि शांतपणे म्हणायची, "खारी खाऊन आलाय. साबण लावून परत धुवा." ती सहसा चुकायची नाही. मी तिचा सख्खा धाकटा दीर, लग्नाच्या भानगडीत न पडलेला, वरच्या खोलीत राहणारा आणि दोन्ही वेळा खाली तिच्या हातचं जेवणारा. तरी मलाही माफी नव्हती. सुरुवातीला या प्रकाराचं हसू यायचं. पुढे पुढे मी उंबऱ्याबाहेरच दोनदा हात धुवायला लागलो.

याला कारण आमचा दादा. शिरोलीला फाउंड्रीत सुपरवायझर होता, एका बैठकीत चार भाकरी सहज उडवणारा गडी. चाळिशी ओलांडली आणि खाल्लेलं अंगी लागेना. पॅन्टला जादा भोकं पाडलेला पट्टा लागायला लागला. बऱ्याच तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, याच्या आतड्याला गहू म्हणजे विष आहे, चिमूटभरसुद्धा. गहू जन्माचा बंद. आतडं सावरेपर्यंत बाकीची धान्यं आणि दूधदुभतंही बंद. दादानं विचारलं, "मग खायाचं काय?" डॉक्टर म्हणाले, "कोंबडी, अंडी, भाज्या, फळं." दादा बाहेर येऊन मला म्हणाला, "कोंबडं हाय म्हणजे जगतोय."

वहिनी राधानगरीकडची. भात आणि म्हशी यांच्यातच लहानाची मोठी झालेली. त्याच दिवशी तिनं पिठाचा डबा, चाळण, पोळपाट-लाटणं, ताकाची रवी सगळं शेजारी देऊन टाकलं आणि फडताळ सोड्याच्या पाण्यानं तीनदा पुसलं. स्वतःलाही तिनं तेच पथ्य लावून घेतलं. मी म्हटलं, "वैनी, तुम्हाला काय झालंय? तुम्ही खावा की भात." तर म्हणाली, "मी खाल्लं तर घरात शिजणार. घरात शिजलं तर त्यास्नी वास येणार. नगंच ते."

मेक्सिको तिला मोबाइलवरच्या व्हिडिओत सापडलं. तिकडची कुठली तरी बाई लोखंडी तव्यावर टोमॅटो, कांदा, लसूण काळे डाग पडेपर्यंत भाजायची आणि भिजवलेल्या लाल मिरच्यांबरोबर वाटायची. तिची भाषा वहिनीला कळत नव्हती, हात कळत होते. कोंबडी उकडायची, तिचे धागे सोडवायचे, त्या वाटणात जिरं घालून परतायचे, वरून लिंबू आणि भरपूर कोथिंबीर. रोटीच्या जागी कोबीचं कोवळं पान. साईच्या जागी आजऱ्याचे काजू भिजवून लिंबात वाटलेले. फळवाल्याकडे ते नवं बटर फ्रूट, म्हणजे अव्होकाडो, मिळायला लागलं होतं. ते ठेचून, त्यात कच्चा कांदा आणि हिरवी मिरची. अर्ध्या तासात एका कढईत सगळं तयार. बुधवार, शुक्रवार, रविवार हा बेत ठरलेला. दादा कामावरून आला की आधी विचारायचा, "आज मेक्सिकोला जायाचं का?"

मी एकदा तिला म्हटलं, आपला तांबडा रस्सा काय वाईट आहे, त्यात कुठं गहू असतो? तिनं दिलेलं उत्तर मी विसरलेलो नाही. "आपला रस्सा केला की ह्यांची नजर ताटात भाकरी हुडकतीया. ह्या परक्या जेवणात काय न्हाय, ते त्यास्नी कळतच न्हाय." एवढं शहाणपण मला कुठल्याच डॉक्टरकडे दिसलं नाही. फक्त एका बाबतीत मेक्सिकोला कोल्हापूरपुढे नमतं घ्यावं लागलं. शेवटी चमचाभर घरची कांदा-लसूण चटणी पडायचीच. त्याशिवाय दादाच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

ही चटणी म्हणजे आमच्याकडचं वर्षाचं तिखट. वहिनी उन्हाळ्यात मिरच्या आणि मसाला भाजून डंकावर न्यायची. लोखंडी मुसळांचा तो यंत्राचा डंक, तिथं फक्त मिरची-मसाला कुटतात. ती स्वतः समोर उभी राहायची आणि घरी आणून त्यात कांदा-लसूण मिसळायची. त्या वर्षी नेमकी तिची आई घसरून पडली आणि तिला माहेरी जावं लागलं. भाजलेल्या मिरच्यांची पिशवी माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "भावजी, डंकावरच कुटून आणा. गिरणीत न्हाय. तितं पीठ उडतंय."

मी डंकावर गेलो. रांग पार रस्त्यापर्यंत आलेली, ऊन मी म्हणत होतं. अर्धा तास उभा राहिलो आणि कंटाळून कोपऱ्यावरच्या गिरणीत गेलो. तिथं तिखटाचं जातं वेगळं होतं, म्हणून मनाची समजूत घातली. दळण संपल्यावर गिरणीवाल्यानं नेहमीच्या सवयीनं मूठभर गहू जात्यात टाकला. पाळ्यांना चिकटलेलं तिखट वाया जाऊ नये म्हणून आपल्याकडे तसं करतातच. तो भुगाही गिऱ्हाइकाच्या डब्यात जातो. मी समोर उभा राहून बघत होतो. त्यात काही वावगं दिसलं नाही, उलट मनात म्हटलं, माणूस प्रामाणिक आहे, गिऱ्हाइकाचं तिखट ठेवून घेत नाही. वहिनी परत आल्यावर तिनं विचारलं, "डंकावरच न्हवं?" मी म्हटलं, "व्हय की." खोटं बोलतोय असं तेव्हा वाटलंसुद्धा नाही, इतकी ती गोष्ट मला किरकोळ वाटली होती.

पावसाळा लागला आणि सावरत आलेला दादा परत ढासळायला लागला. आठवड्याला किलो किलो वजन उतरत होतं. वहिनीनं काढता येईल तो एकच अर्थ काढला: हा माणूस बाहेर चोरून खातोय. ती त्याचे हात हुंगायला लागली, शर्टाचे खिसे उलटे करून झटकायला लागली. नाक्यावरच्या मिसळवाल्याला तिनं बजावून ठेवलं. सापडत काहीच नव्हतं, आणि काही सापडत नाही याचीच तिला भीती वाटत होती. दादाची जेवायची इच्छा मेली होती, म्हणून ती त्याच्या कढईत चटणीचा दुसरा चमचा घालायची. मी शेजारच्या पाटावर बसून ते बघायचो आणि मलाही वाटायचं, दादा खातच असणार.

एका रविवारी पूजा झाल्यावर तिनं देव्हाऱ्यातला जोतिबाचा गुलाल त्याच्या तळव्यावर ठेवला. म्हणाली, "सांगा. भायेर कायबी खात न्हाय म्हणून सांगा." दादानं गुलालावर मूठ मिटली. मग म्हणाला, "जोतिबाची आण. तुझ्या हातचं सोडून तोंडात काय घातलं न्हाय." वहिनीनं मान हलवली आणि स्वयंपाकघरात गेली. मी पाणी प्यायला आत गेलो तेव्हा ती भिंतीला टेकून उभी होती. मला म्हणाली, "देवाचीबी भीती न्हाय राहिली त्यास्नी."

श्रावणात डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून स्वयंपाकघरातली एकेक वस्तू विचारली. मग विचारलं, "बाहेरून दळून आणलेलं काही वापरता?" वहिनी ठामपणे म्हणाली, "चटणी. पर ती डंकावर कुटल्याली हाय. आमच्या भावजींनी सोता उभं राहून आणलीया." तेव्हा कुठं मला गिरणीवाल्याची ती मूठ दिसली. डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला आणि मी गप्प राहिलो. दादा माझ्या शेजारी बसला होता, त्याचा हाडकुळा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता.

घरी येऊन मी चटणीची बरणी फोडली आणि हातातून निसटली म्हणालो. वहिनी काचा वेचत म्हणाली, "जाऊ दे, तुमच्या हाताला लागलं न्हाय न्हवं?" दुसऱ्या दिवशी ती स्वतः डंकावर गेली. दोन आठवड्यांत दादाच्या चेहऱ्यावर जरा तजेला आला, तो ओसरीवर येऊन बसायला लागला. मला वाटलं, सुटलो. तर वहिनी त्याच्यासमोरच मला म्हणाली, "बघितलंसा? चोरून खायाचं थांबवलं, लगीच फरक." मी तेव्हा एक वाक्य बोलायला हवं होतं. ते मी बोललो नाही, आणि त्याची लाज मला रोज वाटते.

दसऱ्याच्या आत दादा गेला. आतडं इतकं पोखरलं होतं की साधा जंतुसंसर्गही त्याला झेपला नाही. त्या मूठभर गव्हानंच घात केला, असं डॉक्टरही छातीठोकपणे सांगू शकणार नाहीत. पण गुलाल हातावर घेऊन माझा भाऊ खरं बोलला होता, हे मी सांगू शकतो. आणि सांगू शकणारा मी एकटाच आहे.

भेटायला येणाऱ्या बायकांना वहिनी म्हणायची, "खोटी आण भोवली." नवऱ्याला देवानं क्षमा करावी म्हणून तिनं अकरा रविवार अनवाणी जोतिबाचा डोंगर चढायचा नवस बोलला. मी तिला पायथ्याशी सोडायचो आणि तिच्या चपला गाडीच्या डिकीत ठेवून खाली बसून राहायचो. सात रविवार झाले. मग तिची आई अंथरुणाला खिळली आणि वहिनीला कायमचं माहेरी जावं लागलं. एसटीच्या खिडकीतून तिनं माझा हात धरला. "ऱ्हायल्यालं चार रविवार तुम्ही पुरं करा, भावजी. त्यांचा तुमच्यावर लय जीव."

तीन रविवार मी चढलो आणि तिनं सांगितलेलं मागणं पाठ म्हटल्यासारखं मागितलं. चौथ्या रविवारी मी नुसताच हात जोडून उभा राहिलो. मागची रांग ढकलत होती. गुरवानं विचारलं, "बोला, काय मागणं हाय?" मी म्हटलं, "माझा भाऊ खरं बोलला होता." गुरव म्हणाला, "बरं. आता म्होरं सरका."

पायऱ्या उतरत असतानाच वहिनीचा फोन आला.

"झालं पुरं?"

"झालं, वैनी."

"देवानं त्यास्नी माफ केलं आसंल न्हवं?"

मी म्हटलं, "केलं की."