कॉलरचं ॲव्हरेज

कपड्यांच्या कारखान्यात तिला सगळे कॉलरमावशी म्हणत. शर्टाला कॉलर लावावी तर तिनंच. तिच्या शिलाईला मालकानंही कधी नावं ठेवली नाहीत. घरी मात्र ॲव्हरेज या शब्दानं तिचं डोकं उठवलं होतं. नवरा रोज स्कूटरच्या ॲव्हरेजवरून करवादायचा, आणि लेकीच्या शाळेतल्या बाई दरवर्षी एकच सांगायच्या, "मुलगी ॲव्हरेज आहे." पोटच्या पोरीला स्कूटर समजतात की काय, असं मावशीला वाटे.

शाळा सुटली आणि लेक घरी बसली. तिला आपल्या कारखान्यात चिकटवायचं, हा एकच ध्यास मावशीनं घेतला.

कारखान्यात बायकांची एक रीत होती. साहेब घड्याळ घेऊन मागे उभा राहिला की सगळ्यांनी हात आखडता घ्यायचा. तो मोजेल त्याचं ॲव्हरेज काढून तेवढं काम सगळ्यांच्या बोकांडी बसायचं. नवख्या पोरींना ही रीत शिकवायची ती मावशीच.

पण तिनं लेकीचा विषय काढला तेव्हा साहेब म्हणाला, "बघू. आधी तुमचा हात किती चालतो ते दाखवा." मग काय, मावशीनं मशीन असं पळवलं की शेजारणी डोळे वटारून बघत राहिल्या.

"अगं बाई, जरा दमानं!" बटणवाली दबक्या आवाजात म्हणाली. "आमच्या जिवावर उठलीस का?"

मावशीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आईचं काळीज, हे खरंच. पण थोडी घमेंडही होती, हे का लपवा?

लेकीला घेतलं. पाठोपाठ नवं ॲव्हरेजही आलं. बायकांनी मावशीशी बोलणं टाकलं. तेही तिनं गिळलं असतं, पण लेकीला आईचा हात नव्हता. पोर जीव तोडून शिवायची आणि मागेच पडायची. मावशीनं आपल्या कॉलरी गुपचूप तिच्या ढिगात सरकवून पाहिल्या, तर स्वतःच मागे पडू लागली.

शेवटी साहेबानं लेकीला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. मावशी मध्ये पडली, "साहेब, नवीन आहे ती. थोडं सांभाळून घ्या."

"मावशी, एवढं काम होतं हे तुम्हीच दाखवलंत ना?"

लेकीनं ॲप्रन काढला. "आई, त्या दिवशी तू हळू शिवलं असतंस तर मला जमलं असतं गं."

हळू शिवलं असतं तर तू इथे लागलीच नसतीस, असं मावशीच्या ओठांवर आलं होतं. पण पोर निघूनही गेली होती, साहेब अजून मागेच उभा होता, आणि हात आखडता घ्यायची आता तिला सोय नव्हती.