फुटलेली खिरापत

चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी मागच्या रांगेत सरकते. म्हणून मला भोंडला आवडतो. सगळ्यांबरोबर फेर धरायचा आणि शेवटी झाकलेला खिरापतीचा डबा पुढे ठेवून गप्प बसायचं. आत काय आहे ते ओळखायचं काम इतरांचं. इथे अमेरिकेत रेडमंडला आमच्या अपार्टमेंटच्या क्लबहाऊसमध्ये दर नवरात्रात भोंडला होतो. गेल्या वर्षी माझी खिरापत पहिल्याच फटक्यात ओळखली गेली होती. यंदा कोणाला ओळखू द्यायची नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

मी चौथी शिकलेली, मला टाइप करायला वेळ लागतो. म्हणून सुनेने टॅबमध्ये एक एआय मदतनीस करून दिलाय. त्याच्याशी मराठीत बोललं की तो वाणसामान मागवतो, निरोप पाठवतो. भोंडल्याच्या आदल्या दिवशी बाहेर पाऊस होता आणि आमचा जिना उघडा. म्हणून वर न जाता मी त्याला हळूच म्हटलं, "मावशींना सांग, यंदा साटोऱ्या करतेय, तुमची मोठी कढई द्या. कोणाला सांगू नका." मावशी म्हणजे वरच्या मजल्यावरच्या नागपूरच्या बाई, माझी इथली मैत्रीण.

निरोप गेला आमच्या भोंडल्याच्या मंडळाच्या ग्रुपवर. 'कोणाला सांगू नका'सकट.

पहिलं उत्तर आलं, "नाही सांगणार, काकू." मग तोंडावर बोट ठेवलेली चित्रंच चित्रं. मुलाने ऑफिसमधून फोन करून विचारलं, माझ्यासाठी दोन बाजूला ठेवशील का. मी टॅबवर उशी ठेवली.

सून बसमधून उतरून आली ती हसतच. मी मदतनिसाला नावं ठेवली आणि तिला सांगितलं की मी उद्या येत नाही.

"आई, त्याला काय बोलता," ती म्हणाली, "माती मी खाल्लीय. हे बघा."

मदतनिसाला जी कामं येतात त्यांतल्या प्रत्येकासमोर ते कशासाठी आहे हे लिहिलेलं असतं. तेवढंच वाचून तो ठरवतो, आत्ता यातलं कुठलं वापरायचं. एक काम एकाच माणसाला निरोप द्यायचं, दुसरं ग्रुपवर टाकायचं. सुनेने घाईत दोन्हींसमोर सारखंच लिहिलं होतं, 'निरोप पाठवणे'. बिचाऱ्याने हाताला लागलं ते उचललं.

आता नीट लिहू, तुम्ही सांगा, असं ती म्हणाली. मी सांगायला लागले की मावशी सकाळी पूजेत असतात, त्यांचा डावा गुडघा धरतो, त्यांना अहोजाहो कर. ती हसत खालीच बसली. मावशींची माहिती नको, कामाची हवी, म्हणाली. ते काय करतं, कधी वापरायचं आणि कधी नाही. मग एकासमोर लिहिलं, 'एकाच माणसाला खाजगी निरोप. ज्याचं नाव घेतलं त्यालाच. कोणाला ते कळलं नाही तर आधी विचार.' दुसऱ्यासमोर, 'ग्रुपवर जातं, सगळे वाचतात. ग्रुपवर टाक असं स्पष्ट म्हटलं तरच वापर. आधी वाचून दाखव, हो म्हटल्यावरच पाठव.'

तपासायला आम्ही मुलाला निरोप धाडले. मीठ संपलं. मीठ सापडलं. तुझी बायको वेडी आहे. सगळे त्यालाच गेले. त्याचं उत्तर आलं, "मीटिंगमध्ये आहे यार." आम्ही दोघी पोट धरून हसत होतो.

ऑक्टोबरात इथे सगळे ठेवतात म्हणून सुनेने दारात शोभेला लाल भोपळा ठेवला होता. मी भोपळ्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे.

"मावशींना सांग," मी टॅबला म्हटलं, "साटोऱ्या रद्द. भोपळ्याचे घारगे."

"हे फक्त मावशींना पाठवलं," तो म्हणाला. आम्ही श्वास रोखून ग्रुपकडे बघत बसलो. ग्रुप शांत. एवढ्यात छतातून मावशींचं खदखदून हसणं खाली आलं.

भोंडल्याला सगळ्यांनी रीत म्हणून विचारलं, गोड की तिखट? हसू कोणालाच आवरत नव्हतं. मी गोड म्हटलं.

"साटोऱ्या असतील, अजून काय," मावशी मख्ख चेहऱ्याने म्हणाल्या. मग सगळ्या एका सुरात, "साटोऱ्या!"

"नाही," मी म्हटलं. इतक्या मोठ्याने, की मीच दचकले.

त्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. करंजी? नाही. शंकरपाळे? नाही. पुरणपोळी, अनारसे, बेसनाचे लाडू? प्रत्येक 'नाही'ला माझा आवाज चढत गेला आणि मला थांबवेना.

"हरलो काकू, उघडा आता," एकजण म्हणाली.

"सगळ्यांनी म्हणा," मी म्हटलं. सगळ्यांनी म्हटलं. मग मी झाकण काढलं.