पायाळूचा पाय

मी पायाळू. जन्मताना आधी पाय बाहेर आले, एवढंच माझं कर्तृत्व. पण त्यावर वाडीत मला आजवर मान मिळाला. कुणा बाईच्या पाठीत उसण भरली की ती आमच्या ओटीवर पालथी पडायची, मी पाठीवरून हलकेच पाय फिरवायचे, की झालं. उतार पडायचा की नाही, देव जाणे.

गेल्या वर्षी थोरल्या जाऊबाई अशाच आल्या. न्हाणीतली बादली उचलताना पाठीत कळ आली म्हणाल्या. मी पाय लावला मात्र, त्या अशा किंचाळल्या की मी झटकन पाय काढून घेतला. रिक्षा करून रत्नागिरीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडापुढे धरला. मणका दबलाय, म्हणाल्या, हाडं ठिसूळ झालीत. मग विचारलं, "पाळी कधी गेली?" जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांची पाळी गेली तेव्हा आम्ही दोघींनी "सुटका झाली एकदाची" म्हणत गूळखोबरं खाल्लं होतं. पाळी गेली की हाडं झिजतात, हे कुणाच्या मनात येणार?

"आणि तुमची?" बाई माझ्याकडे वळल्या.

"मागेपुढे होतेय."

"मग तुम्हीही हाडं तपासून घ्या."

घेते म्हटलं नि बाहेर आले. घेतली नाहीत. तेव्हापासून मला भीती वाटते, सरळ सांगते. रस्त्यावरून घराकडे घाटी उतरताना जांभ्याच्या पायऱ्यांवर मी गडग्याच्या दगडांना धरून चालते. शिंक आली तरी आधी कंबर आवळते. जाऊबाई पट्टा बांधून बसतात, त्यांच्या पाठीकडे मला बघवत नाही. उद्या मी तशी, असंच मनात येतं.

परवा शेजारीण आली, माझ्याच वयाची, कमरेत वाकलेली. आल्या आल्या ओटीवर पालथी झाली.

"ऊठ," मी म्हटलं. "मी पाय लावायची नाही. आधी दवाखान्यात जा."

"भाव खातंस होय गो?"

"अगो, मणका दबलेला असला तर? पाळी गेली ना तुझी? हाडं तपासून घे आधी."

ती कशीबशी उठून बसली. माझ्याकडे टक लावून बघत म्हणाली, "तू घेतलंस काय तपासून?"

"नाही," मी म्हटलं. "मला भीती वाटते."

"मग मला नाय वाटत होय?" ती म्हणाली, नि पुन्हा पालथी झोपली.