काबऱ्याच्या मानेवरचे केस

ज्याला दिवसभर काम असतं त्याला भुतं दिसत नाहीत, असं मी आजवर सगळ्यांना सुनावत आले. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की मी तिथून उठून चालू लागते. त्यामुळे हे लिहायला मलाच अवघड वाटतंय. नात लोणखेड्याला कॉलेजात आहे, ती तुमचे सगळ्यांचे अनुभव मोबाइलवर वाचते. तीच मागे लागली — आजी, तुझंपण लिही. माझं शिक्षण चौथी. घडलं तेवढंच लिहिते, वाढवून नाही.

आम्ही नंदुरबारला राहतो. शहर संपून मिरचीच्या पथाऱ्या लागतात, त्या बाजूला. पथारी म्हणजे मोकळं मैदान, तिथे ओली लाल मिरची वाळत घालतात. हंगामात मी तिथे देठ खुडायला जाते. घर दोन खोल्यांचं, पुढे ओटा, वर पत्रा. घरात मी आणि म्हातारा, म्हणजे माझा नवरा. मुलगा सुरतेला. आणि म्हाताऱ्याचा कुत्रा, काबऱ्या. अंगावर काळे-पांढरे ठिपके, म्हणून काबऱ्या.

कुत्रा त्याचाच. माझ्या हातचं तो खात नसे. त्यात त्याची चूक नाही. देठ खुडून खुडून मिरची कातडीत मुरते, साबणाने जात नाही. आम्ही बायका घरी येऊन हाताला तेल चोळतो, ताक लावतो, तरी दुसऱ्या सकाळपर्यंत डोळ्याला बोट लावायची सोय नसते. माझा हात पुढे आला की काबऱ्या नाक वर करून मागे सरकायचा. म्हातारा हसायचा. "तुन्हा हात नही, ठेचा शे तो," म्हणायचा.

पावसाळा संपता संपता म्हातारा गेला. छातीत दुखलं, दवाखान्यात नेलं, तिथेच आटोपलं. मी रडले, मग कामाला लागले. काबऱ्या मात्र ओट्यावरच्या त्याच्या बाजेखाली जाऊन बसला तो बाहेर येईना. भाकर ठेवली तर मुंग्या नेत.

शकीला माझी शेजारीण, पथारीवर माझ्याच बाजूला बसते. ती म्हणाली, "जाने दे ना भाभी. कुत्ता है, भूक लगेगी तो खाएगा."

"भूक लागली असती तर मुंग्यांना कशाला उरलं असतं?"

"फिर उसको बेटा बना ले," ती म्हणाली आणि हसली.

मी काही त्याला बेटा बनवला नाही. पण बाजेपासून लांब ताटली ठेवायची आणि त्याच्याकडे पाठ करून बसायचं, एवढं सुरू केलं. बघत बसलं की तो खात नाही, हे कळलं होतं. नुसतं बसून काय करणार, म्हणून बोलायचे. पथारीवर कोण कुणाशी भांडलं, कुणाची सून पळाली. नवऱ्याशी जन्मात एवढी बोलले नसेन. हळूहळू ताटली रिकामी व्हायला लागली. मग मी ती जवळ जवळ ओढत आणली. मग एका सकाळी, रात्रभर तेल मुरलेल्या हातातून त्याने तुकडा घेतला. ओठ न लावता, नुसत्या दातांनी.

आणि एका संध्याकाळी मी कामावरून येत होते तर हा गल्लीच्या तोंडाशी. शेपूट हलवत माझ्याकडेच आला. मी काय करावं... सरळ त्याच्या तोंडावरून हात फिरवला. कामावरून आल्या आल्या मी कधी स्वतःच्या नातीला उचललं नाही, आणि इथे हात लावून बसले. तो असा ओरडला की बाया बाहेर आल्या. नाक मातीत घासत घासत बाजेखाली गेला. झालं, सगळं पहिल्यापासून.

त्यातच दुसऱ्या कुत्र्यांनी त्याला फाडलं. कानामागे जखम, आणि जखमेत किडे पडले. जनावरांच्या डॉक्टरांनी स्प्रे दिला, चिमटा दिला. म्हणाले, "आजी, किडे आत शिरले तर मरेल तो. धरून काढावे लागतील." गल्लीतल्या पोरांनी पोत्यात धरायचा प्रयत्न केला, तर एकाला चावून पळाला आणि परत बाजेखाली. मी कामाला जाणं बंद केलं. हाताला राख लावली, ताक लावलं, तेल लावलं. तरी हात पुढे केला की दात दाखवायचा. जखमेचा वास पार घरात यायला लागला.

त्या दिवशी भर दुपार होती. मी ओट्यावर सावलीत बसले होते, चिमटा आणि स्प्रे शेजारी. मला वीट आला होता. म्हटलं, "मर मग. तू बी जाय त्यान्हामांगे. मले काय?"

काबऱ्या बाहेर आला.

माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या खांद्यावरून मागे बघत होता, आणि शेपूट हलत होतं. मी वळून पाहिलं, नुसतं दार. तो आला आणि माझ्या गुडघ्याला लागून कुशीवर आडवा झाला, जखमेची बाजू वर.

मी विचार करत बसले नाही. चिमटा घेतला आणि किडे काढायला लागले. तो थरथरत होता, पण डोकं उचलत नव्हता. तेव्हा मला दिसलं. त्याच्या मानेवरचे केस दबलेले होते. हात ठेवल्यावर दबतात तसे, बोटांच्या मधले केस वर आलेले. मी बघत असताना ते दबलेपण सरकलं — मानेवरून कानाकडे, केसांच्या उलट दिशेने. म्हातारा असाच उलटा हात फिरवायचा. मी त्याला ओरडायचे, घरभर केस होतात म्हणून.

वारा नव्हता. समोर दोरीवर माझं लुगडं वाळत होतं, त्याचा काठसुद्धा हलत नव्हता. भीती वाटली का, असं नात विचारते. नाही वाटली. हातात काम होतं.

किडे संपले. आता स्प्रे मारायचा होता, तो झोंबतो. कुत्रा उसळणार हे मला माहीत होतं. पण त्या क्षणी मला असं वाटलं की हे दुसऱ्याने धरून किती दिवस चालणार. मी म्हटलं, "आते सोडी द्या. मी धरस त्याले."

केस हळूहळू वर आले. एकदम नाही... गवतावरून पाय उचलल्यावर येतं तसं. काबऱ्या बारीक कण्हला. मी माझा हात त्याच जागी ठेवला. सावलीत असून तिथली कातडी गरम होती.

स्प्रे मारला तसा त्याने मान वळवून माझं मनगट तोंडात धरलं. दात टेकले, रुतले नाहीत. तसाच थोडा वेळ राहिला, मग सोडलं आणि डोकं माझ्या मांडीवर टाकलं.

शकीला कुंपणाशी उभी होती. "किसने पकड के रख्या था?"

"मीच."

"दोनों हाथ तो तेरे काम में थे भाभी."

मी स्प्रेचं झाकण लावलं. मग तीच म्हणाली, ऊन लागलं असेल त्याला, गळून गेला असेल. डॉक्टरही म्हणाले, जनावर थकलं की पडून राहतं. असेल. पडून राहिला ते कळतं. केसांचं काय, ते त्यांना विचारलंच नाही.

काबऱ्या बरा झाला, एक कान वाकडा राहिला. मी परत कामाला जाते. संध्याकाळी आले की हात पाठीमागे बांधून उभी राहते, आणि तो माझ्या पायांना अंग घासतो.

तसं पुन्हा कधी दिसलं नाही. मीच सोडायला सांगितलं होतं. मी सांगितलेलं म्हाताऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं असेल. तोच असेल तर. मला ठाऊक नाही.