वाघोबाच्या झाडाखालचे दगड

"सावकाश, पोरांनो. डोंगर काय पलून जात नाय." आमच्या शाळेचे शिपाईमामा हे वाक्य घंटा देतानाही म्हणायचे. तिथे डोंगराचा काय संबंध, हे त्यांना कुणी विचारलं नाही. तुमच्याही शाळेत असे एखादे मामा असतील, ज्यांच्याशिवाय शाळा उघडत नाही आणि ज्यांचं नाव हजेरीपटाखेरीज कुठेच नसतं. आमचे मामा ओवे गावचे. पहाटे निघून खाडीकाठाने चालत पनवेलला यायचे आणि वहाणा शाळेच्या पायरीशी काढून दिवसभर अनवाणी वावरायचे.

मी तेव्हा नवी मास्तरीण. ट्रेनिंग कॉलेजातून ताजी आलेली, त्यामुळे जगात मला येत नाही असं काही नव्हतं. दुसरीच्या मुलांना स्थानिक भूगोल शिकवायचा म्हणून मी कर्नाळ्याच्या पायथ्याच्या रानात सहल काढली. जाताना कुलाबा जिल्ह्याचा नकाशा गुंडाळून घेतला. रानात नकाशा! तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

एसटीतून उतरलो. रानाच्या तोंडाशी वाघोबाचं झाड होतं, शेजारी येणाऱ्याजाणाऱ्यांनी देवाला वाहिलेल्या दगडांचा ढीग. मामांनी प्रत्येक मुलाला एकेक दगड उचलायला लावला आणि झाडाच्या मुळाशी ओळीने मांडायला सांगितला.

"आपापला धोंडा वलखून ठेवा. परत येताना उचलायचा नि देवाच्या ढिगावर टाकायचा. तवर रानातून कोनी जायचा नाय."

"मामा, मुलांना कसले नवस शिकवताय?" मी म्हटलं.

ते नुसते हसले.

रानात मात्र तास त्यांनीच घेतला. ओढ्यात उभं राहून "ह्या पान्याला इचारा, कुठून आलास," म्हणाले, आणि चौतीस मुलं ओणवी होऊन पाण्याला विचारू लागली. खेकड्याचं बीळ, रानडुकरानं लोळून केलेला चिखल, मुंग्यांचं वारूळ, प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न, "हितं कोन रातं?" एका मुलाने विचारलं, "मामा, जंगलाचं दार कुठंय?" ते म्हणाले, "आपन धोंडे ठेवले ना, थयच." मी नकाशा उलगडला तेव्हा एकट्या मामांनी तो मन लावून पाहिला. म्हणाले, "बाई, यात वाघोबा कंच्या बाजूला?" मुलं खिदळली. मला राग आला. खरं सांगायचं तर मला हेवा वाटला.

परतताना आम्हाला उशीर झाला. चारची गाडी सडकेवर येऊन हॉर्न देत होती. मामा झाडापाशी थांबले.

"बाई, धोंडे उचलायचे रायलेत."

"ही देवधर्माची वेळ आहे का? मी मोजलीत मुलं."

"दोन मिंटं, बाई."

"चला म्हणतेय ना!"

मुलांसमोर मी त्यांच्यावर ओरडले. ते गाडीत चढले. आणि मी मुलं मोजली नव्हती. रांगेकडे नजर टाकून सगळी असतील असं धरून चालले होते.

पळस्प्याजवळ एक मुलगी रडवेल्या आवाजात म्हणाली, "बाई, सुशी नाही." गाडी पुरती थांबायच्या आत मामा उतरून मागे धावत सुटले. मी बाकीच्या मुलांना घेऊन पनवेलला आले. दिवेलागणीला एका ट्रकमधून ते परतले, खांद्यावर सुशी. टाचेत काटा मोडल्याने ती मागे पडली होती, बाकी खरचटलंही नव्हतं. ती रानात भटकली नव्हती. वाघोबाच्या झाडाखाली आपला दगड मांडीवर घेऊन बसली होती. बाकीचे दगड जागेवरच होते, आणि ते उचलल्याशिवाय कुणी जायचं नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. मामांचे ते दगड म्हणजे हजेरी होती, हे मला तेव्हा कळलं. झाडाखाली एक दगड उरला, की एक पोर मागे राहिलं.

दुसऱ्या दिवशी सुशीच्या वडिलांनी शाळा डोक्यावर घेतली. हेडमास्तरांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. "मुलं कोणी मोजली?"

मी गप्प राहिले. नोकरीला सात महिने झाले होते, अजून कायम झाले नव्हते. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग खाली पाहून म्हणाले, "रांगेच्या शेवटाला मी व्हतो, सायेब."

त्या आठवड्यात त्यांना कामावरून काढलं. तेव्हाही मी बोलू शकले असते. पुढे त्यांना मिठागरावर टोपल्या वाहताना पाहिल्याचं कुणी सांगितलं. मी खाडीकडच्या रस्त्याने जाणंच सोडलं.

बारा वर्षांनी पटनोंदणीसाठी ओव्याला जावं लागलं. घरोघरी फिरताना एका ओट्यावर मामा दिसले. पाय मिठाने फुटलेले, नजर अधू. आवाजावरून मला ओळखलं आणि उठायची धडपड करू लागले. मी मनात ठरवून टाकलं, आज सांगायचं. सून दारात उभी होती, तिच्यादेखत सांगायचं. पण आधी तेच बोलले.

"बाई, बरा झाला आलात. त्या दिशी तुमी मना सांगत व्हत्या, पोरं मोजून घ्या. मीच गाडीची घाई केली. तुमची नोकरी जायची पाली आली व्हती माज्यापायी."

ते टोमणा मारत नव्हते. डोळ्यांत पाणी होतं. बारा वर्षं सगळ्यांनी त्यांना त्यांचीच चूक सांगितली, आणि त्यांनाही ती आता तशीच आठवत होती.

"तेवढी माफी द्या, बाई. मग मी सुटलो."

खरी गोष्ट माझ्या ओठांवर होती. सून ऐकत होती. माझ्या हातात शाळेचा कागद होता, त्यावर माझ्या नावापुढे मुख्याध्यापिका असं लिहिलेलं होतं.

"दिली, मामा," मी म्हटलं.

त्यांनी माझे पाय धरायला हात पुढे केले, आणि मी मागे सरकले नाही.